दूरच्या विद्यार्थ्याची पारख

शिकविणारा एका गांवीं, शिकणारा दुसऱ्या गांवीं आणि परीक्षा घेणारा तिसऱ्याच ठिकाणीं, ही व्यवस्था इंटरनेटनें जन्मास घातली असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं, वैद्यकाचा अपवाद करून, आपल्या पदवीपरीक्षा कोणत्याहि कॉलेजांत नांव नसलेल्या उमेदवारांनाहि खुल्या केल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, तें याच लंडनच्या नमुन्यावर. कॉलेजांनीं शिकवावें आणि विद्यापीठानें परीक्षा घ्यावी, अशी त्याची आरंभींची घडण होती. तेव्हांपासून विद्यापीठ म्हणजे परीक्षा हें समीकरण आपल्याकडील सुशिक्षित घरांत असें कांहीं रुजलें आहे कीं, मुलगी काय शिकली हें विचारावयास कोणी थांबत नाहीं. किती टक्के पडले हें मात्र शेजारी जिन्यांतच विचारून घेतात.

या परीक्षेची सारी पत तीन गोष्टींवर उभी होती: बंद दालन, ठराविक वेळ आणि बांकांमधून फिरणारा पर्यवेक्षक. प्रश्न कसाहि असो, उत्तर त्याच उमेदवाराच्या डोक्यांतून आलें आहे एवढी हमी त्या दालनामुळें मिळे. ऑनलाइन अभ्यासक्रमानें नेमकें तें दालनच काढून घेतलें. २०१२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें विद्युत्मंडलांवरील आपला एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून साऱ्या जगाला फुकट खुला केला. सुमारें १ लाख ५५ हजार लोकांनीं नांवें नोंदविलीं. प्रमाणपत्रापर्यंत पोंचले ते ७ हजारांच्या आसपास. भारत सरकारचा 'स्वयम्' हा उपक्रम २०१७ सालीं सुरू झाला. पुढें २०२० सालीं कोविडची साथ आली, महाराष्ट्रांतील अनेक विद्यापीठांना अंतिम वर्षाच्या परीक्षा घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांवर घ्याव्या लागल्या, आणि जी गोष्ट तोंपर्यंत हौसेची होती ती एकाएकीं निकडीची झाली.

दालन गेलें म्हणून कित्येक विद्यापीठांनीं पहारा घरांतच नेऊन बसविला. उमेदवाराची नजर कोठें वळते, पाठीमागून कोण जातें, कोणाचा आवाज येतो, हें संगणकाचा कॅमेरा टिपून ठेवतो आणि यंत्र त्यावरून संशयितांची यादी करतें. ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याचें ठीक आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आई स्वयंपाकघरांतून डोकावली, धाकट्या भावानें कांहीं विचारलें, कीं यंत्राला शंका! प्रामाणिक मुलाचें अर्धें चित्त प्रश्नांत आणि अर्धें कॅमेऱ्यांत. आणि ज्याला फसवावयाचेंच आहे तो टेबलाखालीं दुसरा फोन ठेवतोच.

त्यांत नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी हें लिखाण करणारें यंत्र सर्वांसाठीं खुलें झालें. 'अमक्याची व्याख्या देऊन चार वैशिष्ट्यें सांगा', 'तमक्याच्या कारणांची चर्चा करा' अशा प्रश्नांचें नीटनेटकें उत्तर तें मिनिटाच्या आंत लिहून देतें. त्याची कर्ती जी ओपनएआय कंपनी, तिनेंच यंत्राचें लिखाण ओळखणारें एक साधन जानेवारी २०२३ मध्यें पुढें आणलें. अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षीं जुलैमध्यें तें मागें घेतलें. जेथें कर्त्यालाच आपली कृति ओळखूं येत नाहीं, तेथें दूरच्या परीक्षकानें ती ओळखावी ही अपेक्षा फार झाली. कुलूप मोठें करीत जाण्याच्या मार्गाला असा कोठें तरी अंत आहे. दुसरा मार्ग प्रश्नच बदलण्याचा. पुस्तक उघडें ठेवून, यंत्र जवळ घेऊन, चार लोकांना विचारूनहि जें काम स्वतः केल्यावांचून पुरें होत नाहीं, तें काम प्रश्न म्हणून द्यावयाचें.

ही कल्पना यंत्राच्या भीतींतून निघालेली नाहीं. ती त्याहून जुनी आहे. अमेरिकन शिक्षणज्ञ ग्रँट विगिन्स यांनीं १९८९ सालीं खऱ्या कसोटीची मागणी केली, तेव्हां त्यांच्यापुढें नेहमींच्या शाळा होत्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: त्या त्या विषयांतल्या जाणत्या माणसाला ज्या अडचणींशीं झगडावें लागतें, त्यांचाच नमुना परीक्षेंत असावा, आणि कशाला चांगलें म्हणणार हें विद्यार्थ्याला आधींच ठाऊक असावें. पोहणाऱ्याची परीक्षा पाण्यांत होते, यापेक्षां यांत निराळें असें कांहीं नाहीं. आश्चर्य वाटावें तें इतकेंच कीं, विद्यापीठांना ही गोष्ट अजूनहि नवी वाटते.

पण 'खरें काम द्या' म्हणणें सोपें. तें घडवावयाचें कसें, हें एका उदाहरणावरून पाहणें बरें. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनीं नोकरींत असलेल्या शिक्षकांसाठीं दूरशिक्षणानें बी.एड.ची सोय केली. अशा एखाद्या अभ्यासक्रमांत मुलांच्या चुकांचें निदान या विषयावर प्रश्न घालावयाचा आहे असें समजा. जुना प्रश्न तयारच आहे: 'निदानात्मक चाचणी म्हणजे काय? तिचे उपयोग सांगा.' याचें उत्तर मार्गदर्शक पुस्तकांत आहे, गेल्या वर्षींच्या वहींत आहे आणि आतां यंत्रांतहि आहे. वास्तविक उत्तर लिहिणारी बाई रोज चौथीच्या वर्गावर उभी राहते. तिच्या कपाटांत तीस मुलांच्या गणिताच्या वह्या पडल्या आहेत. त्या वह्यांना हा प्रश्न हातहि लावीत नाहीं.

आतां त्याच वह्या प्रश्नाच्या मध्यभागीं आणा. ५२ मधून २७ वजा करतांना एक मुलगा ३५ लिहितो. तो निष्काळजी नाहीं. प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावयाचा असा नियम त्यानें मनाशीं बांधला आहे व तो इमानानें पाळतो आहे. ४०० मधून १२६ वजा करावयास सांगितले तर तोच मुलगा ३२६ लिहील. शेजारची मुलगी मात्र ३७४ लिहिते. तिला उसना दशक घेतां येतो, शून्याच्या जागीं नऊ करावयाचे हेंहि ती शिकली आहे. पण ज्याच्याकडून उसनें घेतलें त्या चारांतून एक कमी करावयाचा, हें तिच्या हिशेबांत नाहीं. बरोबर उत्तर २७४. दोन्ही वह्यांवर लाल फुली सारखीच पडते, आणि दोन्ही मुलांना 'पुन्हा करा' असा एकच उपदेश मिळतो. वस्तुतः दोघांना अगदीं वेगळें शिकवावयास हवें. १९७८ सालीं जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनीं संगणकाच्या साहाय्यानें हेंच दाखविलें कीं, वजाबाकींतल्या पुष्कळशा चुका धांदलीच्या नसून एखाद्या चुकीच्या नियमाच्या काटेकोर पालनानें होतात.

तेव्हां विद्यार्थिनी-शिक्षिकेला द्यावयाचें काम असें होईल: आपल्या वर्गांतील वजाबाकीच्या चुका गोळा करा. त्यांचे प्रकार पाडा, आणि प्रत्येक प्रकारामागें मुलानें कोणता नियम धरला असावा तें लिहा. एका प्रकारावर आठवडाभर काय शिकविलें तें सांगा. पुन्हा तपासून काय सुधारलें, आणि विशेषतः काय सुधारलें नाहीं, तें नोंदवा. निदानात्मक चाचणीवरचें पुस्तक यांत निरुपयोगी ठरत नाहीं. उलट तें आतां खरोखर उघडावें लागतें. यंत्रानें चुकांचे सर्वसाधारण प्रकार सांगितले तरी हरकत नाहीं. तिच्या वर्गांतल्या सातव्या वहींत काय लिहिलें आहे, तें यंत्राला ठाऊक नाहीं.

कोणी म्हणेल, बाईनें वह्याच मनांतल्या मनांत रचल्या तर? रचतां येतील, जगांत असा प्रश्न नाहीं ज्याला लबाडीची वाट नाहीं. पण यावर साधे उपाय आहेत. काम एका हप्त्यांत मागूं नये. दुसऱ्या आठवड्यांत योजना, पांचव्यांत मुलांचीं नांवें झांकलेलीं वह्यांचीं पानें, आठव्यांत पुरा अहवाल, असे टप्पे पाडावे आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकानें चार ओळींचा शेरा लिहावा. पुढच्या टप्प्यांत त्या शेऱ्याचें काय केलें तें विचारावें. शेवटीं व्हिडिओवर दहा मिनिटें बोलावें: 'त्या ३७४ वाल्या मुलीला शून्य समजावण्यासाठीं तुम्ही काड्या कां घेतल्या, पाटी कां नाहीं?' ज्यानें काम केलें आहे त्याला या प्रश्नानें बोलावयास उत्साह येतो. ज्यानें केलें नाहीं त्याचें पितळ उघडें पाडावयास पहारेकऱ्याची गरज उरत नाहीं.

सगळ्याच विद्यार्थ्यांपाशीं असा वर्ग नसतो. गृहिणी अर्थशास्त्र शिकते, कारकून इतिहास शिकतो. त्यांच्यासाठीं काम कल्पित असलें तरी चालेल काय? ऑस्ट्रेलियांतील जॅन हेरिंग्टन व त्यांचे सहकारी यांनीं ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या अशा कामांचा वर्षानुवर्षें विचार केला आहे. त्यांचा निष्कर्ष असा कीं, देखावा हुबेहूब असण्यापेक्षां विचार खरा करावा लागणें महत्त्वाचें. नाटकांतला राजवाडा रंगविलेल्या पडद्याचा असतो, तरी दुःख खरें वाटतें; तसेंच कल्पित नगरपालिकेचें अंदाजपत्रक तपासतांनाहि डोकें खरेंच चालवावें लागतें, मात्र त्यांतले आंकडे ओढाताणीचे हवेत. पाण्याची पट्टी वाढविली तर रस्ते होतात, न वाढविली तर नळ कोरडे राहतात, अशी. एकच बरोबर उत्तर ज्यांत आधींच लपवून ठेवलें आहे तें कोडें झालें.

नेदरलंड्सच्या मुक्त विद्यापीठांतील ज्युडिथ गुलिकर्स, थिओ बास्तियान्स व पॉल किर्शनर यांनीं २००४ सालीं या खरेपणाचीं पांच अंगें मांडलीं: काम, तें करण्याची जागा व साधनें, सोबतीचीं माणसें, हातीं येणारी वस्तु आणि पारखण्याचे निकष. यांतील सोबतीच्या अंगाकडे ऑनलाइन अभ्यासक्रमांत फार दुर्लक्ष होतें. जें काम जगांत चौघांनीं मिळून करावयाचें असतें तें विद्यार्थ्याला एकट्यानें करावयास लावतात, आणि जें एकट्याचें आहे त्यासाठीं बळेंच गट पाडतात! त्या तिघांनीं आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे: शिक्षकाला जें खरें वाटतें तें विद्यार्थ्याला तसें वाटेलच असें नाहीं. म्हणून काम ठरवितांना पूर्वींच्या विद्यार्थ्यांना विचारणें इष्ट.

आतां गुणांचा प्रश्न. अशा अहवालांना मार्क देणें म्हणजे परीक्षकाच्या लहरीवर सोडणें, असा आक्षेप सुशिक्षित पालकच आधीं घेतात. त्यांनीं एक जुना प्रयोग आठवावा. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु असलेले सर फिलिप हार्टोग व त्यांचे सहकारी रोड्स यांनीं १९३५ सालीं इंग्लंडांत परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनीं तपासल्या, आणि वर्ष-दीड वर्षानें त्याच त्यांनीं पुन्हा तपासल्या. २१० निकालांपैकीं ९२ निकाल दुसऱ्या वेळीं बदलले. परीक्षक तोच, उत्तर तेंच. तेव्हां लहर दालनांतल्या परीक्षेंतहि होती. ती शिक्कामोर्तब झाल्यामुळें दिसत नव्हती, इतकेंच.

उपाय दोन्हीकडे एकच आहे. निकष आधीं लिहून काढावे आणि ते कामाच्या सोबतच विद्यार्थ्याच्या हातीं द्यावे. वजाबाकीच्या उदाहरणांत ते असे होतील: चुकांचे प्रकार पुराव्यावर आधारले आहेत काय, मुलानें धरलेल्या नियमाचा तर्क दुसऱ्या एखाद्या गणितावर पडताळून पाहिला काय, जें साधलें नाहीं तें मान्य केलें काय. 'भाषाशैली ५ गुण, सादरीकरण ५ गुण' असल्या ठोकळ्यांनीं काम भागत नाहीं, कारण ते कोणत्याहि कामाला चिकटवितां येतात. मग सगळ्या परीक्षकांनीं दोन-चार नमुन्याचे अहवाल एकत्र बसून तपासावे आणि मतभेद बोलून मिटवावे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटींत ट्यूटरनें तपासलेले कांहीं स्वाध्याय दुसरा जाणता शिक्षक पुन्हा पाहतो. गुणच नव्हेत, तर ट्यूटरनें लिहिलेला शेराहि तो वाचतो. शेरा वाचला जाणार हें माहीत असलें कीं तो लिहिलाहि जातो.

येथें खर्चाची गोष्ट टाळतां येत नाहीं. वीस अहवाल वाचणारा एक शिक्षक लागतो. लाख विद्यार्थ्यांना पांच हजार लागतील. आपल्याकडील आय.आय.टीं.च्या एन.पी.टी.ई.एल. अभ्यासक्रमांनीं म्हणूनच वेगळी वाट धरली आहे: दर आठवड्याच्या ऑनलाइन स्वाध्यायांना २५ टक्के, आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या अखेरच्या परीक्षेला ७५ टक्के. इतक्या मोठ्या संख्येपुढें ही व्यवस्था समजण्यासारखी आहे, आणि यंत्रानें तपासलेल्या छोट्या प्रश्नांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पाढे पाठ करावयाचेच असतात, आणि चूक तिथल्या तिथें कळणें हा मोठाच लाभ आहे. परंतु पाऊण गुण कशाला आहेत, यावरून विद्यार्थी संस्थेचें मन ओळखतो, आणि तितकाच अभ्यास करतो. सबंध अभ्यासक्रमांत निदान एक काम माणसानें वाचावयाचें असावें, आणि त्याला नांवापुरते नव्हे तर भरीव गुण असावे, एवढें तरी मोठ्या संख्येंतहि साधण्यासारखें आहे. मुलाचें नांव घालण्यापूर्वीं पालकांनीं शुल्काबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: त्यानें केलेलें काम कोण वाचणार, आणि तें शेऱ्यासह परत मिळणार काय?

विज्ञानासारख्या विषयांत घरबसल्या खरें काम अशक्य, असें मात्र कोणी समजूं नये. ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली १९६९ सालीं आणि शिकविणें सुरू झालें १९७१ सालीं. त्या पहिल्याच तुकडींतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना टपालानें प्रयोगाच्या पेट्या गेल्या, व त्यांत प्लॅस्टिकचा हातांत मावेल एवढा सूक्ष्मदर्शकहि होता. आज त्याच विद्यापीठाची सुमारें ४३ सेंटिमीटर व्यासाची एक दुर्बीण स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, तेइदे वेधशाळेंत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,४०० मीटर उंचीवर आहे. विद्यार्थी आपापल्या घरून इंटरनेटवरून गटागटानें ती चालवितात. दूरच्या एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा मोठा ग्रह सरकतो तेव्हां ताऱ्याचा प्रकाश शेंकडा एकाच्या आसपास उणा होतो. दोन-तीन तासांनीं तो पूर्ववत् होतो. हा उणेपणा मोजावयाचा म्हणजे शेजारच्या स्थिर ताऱ्याशीं क्षणोक्षणीं तुलना करावी लागते, कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करावे लागतात, आणि कोण किती वाजतां जागणार तें ठरवावें लागतें. याचें उत्तर आदल्या वर्षींच्या वहींत सांपडत नाहीं. त्या रात्रीचें आकाश त्या रात्रीचेंच.

आणि आकाश नेहमीं साथ देत नाहीं. कधीं ढग येतात, कधीं सहाराच्या वाळवंटांतली धूळ वाऱ्याबरोबर येते आणि घुमट मिटून घ्यावा लागतो. समजा, एका गटाला प्रकाशाचा पुरा आलेख मिळाला, पण ज्या शेजारच्या ताऱ्याशीं तुलना केली तोच स्थिर आहे कीं नाहीं हें त्यांनीं तपासलें नाहीं. दुसऱ्या गटाचा घुमट मध्यरात्रीं मिटला आणि आलेख अर्धाच राहिला. त्यांनीं लिहिलें कीं, प्रकाश उणा होऊं लागल्याची वेळ आमच्या हातीं आहे, किती उणा झाला तेंहि आहे. केव्हां पूर्ववत् झाला तें सांगतां येत नाहीं. शिवाय ग्रहाच्या फेऱ्याचा हिशेब करून पुढचा योग कोणत्या रात्रीं आहे तें त्यांनीं काढलें, आणि त्या रात्रीसाठीं दुर्बिणीची मागणी अहवालालाच जोडली. निकषपत्र नीट लिहिलेलें असेल तर अधिक गुण या दुसऱ्या गटालाच पडतील.